मे की ऑक्टोबर

मे की ऑक्टोबर, एवढंच प्रियाने विचारलं. रविवारची दुपार होती, जेवणं उरकली होती, आत पुतळा भांडी घासत होती आणि तिचा नवरा कान्हा घरत ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून समोरून जाणारे कंटेनर बघत होता. निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं तो हेच करत होता, आणि त्याआधी तीस वर्षं कंटेनर यार्डाच्या गेटवर बसून, पगार घेऊन, हेच करत होता. प्रिया पायरीवर टेकली, मोबाइल त्याच्यासमोर धरला आणि म्हणाली, "बाबा, तू सांग. मे की ऑक्टोबर? बुधवारपर्यंत फॉर्म भरायचाय." कान्हाला वाटलं, पोरगी लग्नाचं ठरवतेय. सत्तावीस पूर्ण झाली होती, आणि तिच्या तळोज्याच्या कंपनीतल्या लॅबमध्ये कुणीतरी आहे असं पुतळा गेलं वर्षभर नुसत्या डोळ्यांनी सुचवत होती. "कोनाचा हाय?" त्याने सावधपणे विचारलं. प्रिया हसली. "कोणाचा काय, डोंगराचं बोलतेय मी. उत्तराखंडचा, सहा हजार मीटरच्या वरचा. मागच्या महिन्यात सांगितलं नव्हतं का? ग्रुपच्या दोन बॅच आहेत. एक मेमध्ये, एक ऑक्टोबरमध्ये. कुठली घेऊ?"

कान्हा नेहमीचंच बोलला. "बघ तू." हे दोन शब्द त्याला घरात, यार्डात, गावकीत, सगळीकडे पुरत आले होते. थोरल्या रूपेशचं लग्न एप्रिलला धरायचं की दिवाळीनंतर? बघा तुमी. घरावर तिसरा मजला चढवायचा तो पावसाच्या आधी की नंतर? बघा तुमी. पनवेलला हळदीला जायचं तर किती वाजता निघायचं, हेसुद्धा तो सांगत नसे. इस्त्रीचे कपडे करून ओट्यावर बसायचा आणि बाकीचे निघाले की त्यांच्या मागून उठायचा. लोकांना वाटे, माणूस थंड आहे. पुतळाला लग्नानंतर आधी वाटलं, नवरा समजूतदार आहे, बायकोला विचारून करतो. मग वाटलं, आळशी आहे. मग तिने वाटून घेणंच सोडलं आणि घर हातात घेतलं. पण प्रियाने मान हलवली. "नाय बाबा. या वेळी तू सांगायचंस. तू बोलशील ते मी फॉर्मवर टाकणार. मे तर मे, ऑक्टोबर तर ऑक्टोबर." एवढं बोलून ती आत गेली आणि पंख्याखाली झोपलीसुद्धा. असा प्रश्न विचारून माणसाला झोप कशी लागते, हे कान्हाला कळेना. तो खुर्चीत सरळ बसला. समोरून एक चाळीस फुटी कंटेनर गेला, त्याने सवयीने घड्याळात बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं.

आणि डोंगरातलं त्याला कळत काय होतं? आयुष्यात तो नीट चढला होता असा डोंगर एकच, उलव्याचा. लहानपणी करवंदांसाठी. तो सरकारने सुरुंग लावून भुईसपाट केला आणि त्यावर आता विमानं उतरत होती, त्यामुळे तोही अनुभव सांगायला राहिला नव्हता. दुसरं म्हणजे चैत्रात एकवीरेच्या पायऱ्या; पण तिथे वर जायचा महिना देवीनेच ठरवून ठेवलेला, आणि पुढे बँडवाला, मागे पुतळा, मधे पालखी. माणसाला आपण चढतोय हे कळायच्या आत वर पोचलेलं असायचं. प्रियाचं निराळं होतं. कामोठ्याच्या कुठल्याशा ग्रुपबरोबर ती दर शनिवारी पाठीला बोचकं लावून निघायची, मनालीच्या बाजूला महिनाभराचा कोर्स करून आली होती, आणि आली तेव्हा पायाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. पुतळाने आरडाओरडा केला. प्रिया म्हणाली, आई, नखं परत येतात. तिने वरचे फोटो दाखवले होते. पांढरं, सगळं पांढरं, आणि मधे एका दोरीला लागलेले सहा-सात ठिपके. "यातली तू कुठली?" असं कान्हाने विचारलं, तेव्हा तिने बोटाने मोठं करून दाखवलं, तरी तो ठिपकाच राहिला. त्या ठिपक्याला कुठल्या महिन्यात वर पाठवायचं, हे आता त्याने सांगायचं होतं. बरोबर सांगितलं तर काही होणार नव्हतं, कुणाला लक्षातही राहणार नव्हतं. चुकलं तर पोरगी वरून यायची नाही. कान्हाला भीती वाटली. साधी, सरळ भीती. तळपायापासून सुरू झालेली. त्याने दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले.

त्याला कळत होतं ते पाणी. म्हणजे कधीकाळी कळत होतं. जिथे आज यार्ड आहे तिथे खारं शेत होतं, शेताला बांध होता, बांधापलीकडे खाडी होती, आणि खाडीचं पाणी दिवसातून दोनदा येऊन बांधाला टेकून परत जात होतं. ते कधी येणार, कधी फिरणार, हे आबांना, म्हणजे कान्हाच्या बापाला, घड्याळात न बघता सांगता येई. हिशोब साधा होता. अवसेपासून नाहीतर पुनवेपासून तिथी मोजायची, तिला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. चौथ असेल तर तीन वाजता. अष्टमी असेल तर सहा वाजता. त्यानंतर पाणी फिरणार म्हणजे फिरणार. तिथीची पाऊणपट, म्हणत त्याला. आबा बोटांच्या पेरांवर मोजायचे, अंगठा पेरावरून पेरावर सरकायचा आणि थांबायचा, आणि गाव त्या अंगठ्याकडे बघत उभं असायचं. जाळं कधी लावायचं, होडी कधी काढायची, बांधाला माती कधी घालायची, सगळं त्या अंगठ्यावर. पुढे आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि डोळ्यांचा बोटांशी काही संबंध नसतानाही का कोण जाणे, लोक त्यांच्याऐवजी कान्हाला विचारायला लागले. एकोणीस-वीस वर्षांचा होता तो. "काना, पानी कवा?" म्हाताऱ्या माणसांनी असं विचारावं आणि आपण पेरांवरून अंगठा फिरवत मुद्दाम थोडा वेळ लावावा, त्या वेळ लावण्यात केवढं सुख होतं. त्याला ते सुख अजून आठवत होतं. तेच आठवलं की त्याला स्वतःचा राग यायचा.

सोमवारी त्याने भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि ओट्यावर घेऊन बसला. मे उघडला. मग ऑक्टोबर उघडला. मग परत मे. पुतळा वाटाणे सोलायला शेजारी येऊन बसली आणि कॅलेंडर कशाला काढलं हे तिने विचारलं नाही, म्हणजे तिला सगळं माहीत होतं. शेवटी तिनेच सुरुवात केली. "मेमदी धोंड्याचा महिना हाय. सतरा तारखेला लागतो. धोंड्यान जावयाला जेवाला घालतान, डोंगरावर नाय जात. तिला बोला, पयला जावय आन, मग कया जायाचा तया जा." कान्हा म्हणाला, "मंग ऑक्टोबर?" पुतळाने वाटाणा तोंडात टाकला. "ऑक्टोबरला धा तारखेपरयंत पितरांचा पंधरवडा. तुमीच बघा." तिने त्याचेच शब्द त्याला परत दिले होते आणि वर हसली नव्हती. कान्हाने एक पान मागे, सप्टेंबरवर घेतलं. पितरांच्या पंधरवड्यात तृतीयेच्या चौकोनात पुतळाने बॉलपेनने एक बारीक फुली केली होती. दर वर्षी ती कॅलेंडर आणल्या आणल्या आधी ती फुली करायची. त्या दिवशी केळीच्या पानावर भात, वडे, खीर आणि एक तळलेली बोयट माशाची तुकडी गच्चीवर कावळ्याला ठेवायची, कारण बंडूला, कान्हाच्या धाकट्या भावाला, बोयटं आवडायची. पुतळाने बंडूला बघितलंही नव्हतं. ती लग्न होऊन आली त्याच्या आधीच तो गेला होता, सतरा वर्षांचा.

बंडू गेला तेव्हा श्रावण होता. भात हातभर झालं होतं, आणि उधाणाचे दिवस. बांधाला एक उघाडी होती, म्हणजे बांधाखालून काढलेली मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला लाकडी झडप. खाडीचं पाणी चढलं की झडप आपोआप दाबून बंद व्हायची, पाणी उतरलं की शेतातलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जायचं. अक्कल लावावी लागत नसे, वंगण लागत नसे. त्या दिवशी झडपेत खारफुटीची एक फांदी अडकली आणि खारं पाणी शेतात शिरायला लागलं. सगळ्या गावाचं भात होतं तिथे. आठ-दहा माणसं बांधावर जमली आणि सगळ्यांनी कान्हाकडे बघितलं. पाणी चढत असताना झडपेत हात घालायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. फांदी निघाली की झडप आपटणार. पाणी फिरलं की पाव तास थांबून माणसाने खाली उतरायचं, मग भीती नाही. "काना, पानी कवा फिरेल?" अवस परवा झाली होती. कान्हाने पेरं मोजली. काल पाडवा, आज दूज. दोनाला तिनाने गुणून चाराने भागलं तर दीड. "दीडला फिरेल," तो म्हणाला. पावणेदोनला बंडू बांधावरून खाली उतरला. कान्हाने त्याला सांगितलं नव्हतं, पण नकोही म्हटलं नव्हतं. अंगाने बारीक होता, मोरीत तोच मावला असता. जाताना त्याने बनियन काढून कान्हाच्या अंगावर फेकली. फांदी निघाली. आणि झडप, खाडीचं चढतं पाणी पाठीशी घेऊन, त्याच्या छातीवर बंद झाली.

चार जणांनी ती ओढली. मग सहा जणांनी. मग कुणीतरी पहार आणली. पाणी अजून चढत होतं, आणि चढत्या पाण्याशी कोण भांडणार. कान्हा गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून झडपेची कड धरून ओढत होता आणि मनात एकच वाक्य म्हणत होता, दीड वाजून गेला आता, फिर, आता तरी फिर. सव्वादोनला पाणी थबकलं. अडीचच्या सुमाराला झडप आपण होऊन सैल झाली, कुणी हात लावला नसताना, आणि बंडू बाहेर आला. त्या संध्याकाळी आबांनी कान्हाला जवळ बोलावलं. त्यांना दिसत नव्हतं, तरी ते त्याच्या तोंडाकडे बघत होते. "कोनती तिथ धरलीस?" "दूज." आबा हळूच म्हणाले, "पाडवा नव्हता रे या वेलेला. पाडव्याचा क्षय होता. आज तीज." तीन गुणिले तीन भागिले चार, सव्वादोन. पंचांगात कधीकधी एखादी तिथी गळते. सूर्योदयाला ती असतच नाही, अवसेनंतर एकदम दूज उजाडते. बोटांच्या पेरांना हे कळत नाही. बोटं दिवस मोजतात. भिंतीवर वाण्याने फुकट दिलेलं कॅलेंडर होतं, बांधावर जायच्या आधी फक्त मान वर करून बघायचं होतं. आबा परत त्यावर कधी बोलले नाहीत. गावातलंही कुणी बोललं नाही. कुणी बोट दाखवलं नाही, कुणी विचारलं नाही. आणि पाणी कधी, हेही त्यानंतर त्याला कुणी विचारलं नाही. पुढच्या काही वर्षांत जमिनी गेल्या, भराव पडला, बांध गाडला गेला. उघाडी कुठे होती हे आज गावात त्याला एकट्यालाच बोटभरही न चुकता सांगता आलं असतं. यार्डाच्या वजनकाट्याच्या मागे. तिथल्या गेटवर त्याने नोकरी केली, आणि ती त्याला आवडली, कारण तिथे वेळ सांगायची नव्हती, गाडी आली की फक्त लिहून ठेवायची होती.

मंगळवारी त्याने एक चोरटं काम केलं. प्रिया कंपनीच्या बसने गेल्यावर तिच्या टेबलावरचं डोंगराचं रंगीत पत्रक उचललं, त्यावरचा नंबर चष्मा लावून दोनदा वाचला आणि घराच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन फोन लावला. उचलणाऱ्याने नाव सांगितलं, उदयसिंह. तो या बॅच घेऊन जायचा. कान्हाची हिंदी ट्रक ड्रायव्हरांवर घासून तयार झालेली होती, त्यामुळे त्याने पहिल्यांदा आवाज चढवला आणि मग लगेच उतरवला. "मेरी लडकी है. प्रिया घरत. उसको मई में भेजने का की अक्टूबर में?" उदयसिंह फार गोड बोलला. मेमध्ये दिवस मोठा, माणसं जास्त, पण दुपारनंतर बर्फ मऊ होतो, पाय आत जातात, वरून सुटतोही कधीकधी. ऑक्टोबरमध्ये बर्फ पक्का, आकाश धुतल्यासारखं, पण वारा उठला की चार-चार दिवस तंबूत बसायचं आणि थंडीची काही गॅरंटी नाही. "तो अच्छा कौन सा?" "दोनों अच्छे हैं साहब." कान्हाने घराकडे एकदा वळून बघितलं. "मरते किसमें कम है?" पलीकडे कुत्रं भुंकत होतं. "साहब, ऐसा मत सोचिए," उदयसिंह म्हणाला. मग, माणसाला धीर द्यावा म्हणून असेल, त्याने सांगितलं की शेवटची चढाई ते मध्यरात्रीनंतर सुरू करतात, आणि जमलं तर पुनवेच्या आसपास धरतात, उजेड मिळतो. कान्हा टाकीला टेकला. "तिथी देखके जाते?" "चाँद तो देखना पड़ता है साहब. आप कहाँ से हैं?" "इधर का. समुंदर का." "फिर तो आपको चाँद का हमसे ज़्यादा पता होगा," उदयसिंह हसला. "बाकी ऊपर जाके देखेंगे. वहाँ का मौसम वहीं मालूम पड़ता है."

फोन ठेवल्यावर कान्हाला आधी चीड आली. ज्याला पैसे देऊन पोरगी सोपवायची तो म्हणतो वर जाऊन बघू. मग चिडीच्या खालून दुसरंच काही वर आलं, आणि ते त्याला चिडीपेक्षा नकोसं वाटलं. चंद्र. म्हणजे इथेही तिथीच. तो घरात आला, कॅलेंडर पुन्हा खाली घेतलं आणि त्याचा उजवा अंगठा, त्रेचाळीस वर्षांनी, आपला आपण करंगळीच्या खालच्या पेरावर जाऊन बसला. मेच्या पुनवा दोन, एक तारखेला आणि एकतीसला. ऑक्टोबरची कोजागिरी. कुठल्या पंधरवड्यात तिथी गळते, कुठे वाढते, ते त्याने चौकोनाचौकोनाने, बारीक अक्षर डोळ्यांजवळ आणून तपासलं. दोनदा तपासलं. तिसऱ्यांदा तपासत असताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला मजा येतेय. अंगठा सरकत होता आणि छातीत ते जुनं, वीस वर्षांच्या पोराचं काहीतरी उठत होतं: थांबा, सांगतो. त्याने कॅलेंडर दाणकन जमिनीवर टाकलं. पुतळा आतून आली. "काय झाला?" "काय नाय." तिने कॅलेंडर उचललं, झटकलं, खिळ्याला लावलं आणि जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेली. पुतळा असं करणाऱ्यातली नव्हती. त्या हातानेच त्याला आणखी घाबरवलं. रात्री त्याने ठरवलं, उद्या पोरीला सगळं सांगून टाकायचं. बंडू बुडून गेला एवढंच तिला माहीत होतं. तो कुणाच्या सांगण्यावरून उतरला हे कळलं, की तीच म्हणेल, नको बाबा, तू नको सांगूस. मग सुटलो. लाज वाटेल, वाटू दे. तिच्या डोळ्यांतून उतरलो तरी चालेल, ती डोंगरावरून उतरली पाहिजे.

बुधवारी साडेसहाला ती आली. कंपनीची बस तिला हायवेला सोडायची, तिथून रिक्षा. कान्हा ओट्यावर तयारच होता, दाढी केलेली, धुतलेला शर्ट. प्रियाने त्याच्याकडे बघून भुवया वर केल्या. "काय बाबा, आज कुठं वरातीला?" "बस," तो म्हणाला. ती पायरीवर बसली, बूट काढायला लागली. तिच्या हातांना लॅबचा तो नेहमीचा आंबूस वास येत होता. त्याने दिवसभर वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही वेळेवर सापडेना. "तुजा काका," तो म्हणाला. "बंडूकाका," प्रिया म्हणाली. "त्याला टायम मी सांगितलेला. पानी फिरायचा. मी चुकलो." बुटाची नाडी तिने पूर्ण सोडवली, बूट बाजूला ठेवला, मग वर बघितलं. "माहितेय मला."

"कवापासून?"

"अकरावीत होते. आईनं सांगितलं."

"तिला कोन बोल्ला?"

"आजीनं. आई लग्न होऊन आली तेव्हाच." प्रिया जरा थांबली. "दादाला पण माहितेय, बाबा. सगळ्यांना माहितेय. पाडवा नव्हता ना."

कान्हाला वाटलं आपण कपड्यांशिवाय बसलोय. त्रेचाळीस वर्षं ज्या दारावर तो पाठ लावून उभा होता, त्याच्या दुसऱ्या बाजूला सगळे बसून जेवत होते. पुतळा दर वर्षी तृतीयेवर फुली करत होती ती सगळं माहीत असून. रूपेशने लग्नाची तारीख विचारली होती ती माहीत असून. तो बघा तुमी म्हणायचा आणि ते बघायचे, आणि त्याच्या पाठीमागे कुणीही काही बोलत नव्हतं, त्याला जपत होते, फुटक्या मडक्याला जपतात तसे. त्याला आभार वाटायला हवे होते. त्याला लाज वाटली, आणि लाजेमागून राग आला. "माहीत हाय तर मना कशाला इचारलास?" "म्हणून तर विचारलं," प्रिया म्हणाली. तिने पायरीवरूनच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू सांगायचं, मी त्या टायमाला जायचं आणि नीट परत यायचं. एवढंच. एकदा तुझ्या तोंडची वेळ बरोबर निघू दे. मग बघ तुला कसं वाटतं ते." तिने हे कधीपासून ठरवलं होतं कोण जाणे. ती हे फार मायेने बोलत होती. तिच्या तोंडावर शाळेत पहिला नंबर आला की यायचं तेच तेज होतं. आणि कान्हाला दिसलं ते एवढंच, की त्याला बरं करायला पोरीने स्वतःलाच पणाला लावलं होतं, हसत हसत, एका फॉर्मवर.

"मना नको बरा करू," तो म्हणाला. "मी बरा हाय."

"नाहीयेस."

"आनि तू नाय आयलीस तर?"

"येईन ना." तिने खांदे उडवले. "बाबा, टेन्शन नको घेऊ. माझी तयारी आहे, ट्रेनिंग आहे."

"तू नको जाऊस." हे वाक्य त्याने आयुष्यात कुणालाच म्हटलं नव्हतं. म्हणायला हवं होतं तेव्हाही म्हटलं नव्हतं, हातात बनियन धरून उभा राहिला होता. "नको जाऊस, पोरी. मी तुज्या पाया पडतो." प्रियाने पटकन त्याचे हात धरले, तिचे डोळे भरले होते, पण मान ती नाहीच म्हणत होती. "जाणार मी, बाबा. ते ठरलंय. पैसे भरलेत. तू बोललास तरी जाणार, नाय बोललास तरी जाणार. फक्त महिना तुझा आहे." "आनि मी नाय सांगितला तर?" "तर नाणं उडवीन," ती म्हणाली, आणि खरंच उडवलं असतं, हे त्याला तिच्या आवाजावरून कळलं. नाणं. म्हणजे गप्प बसूनही सुटका नव्हती; गप्प बसला तर पोरगी नाण्याच्या भरवशावर जाणार, आणि नाण्याला पाडवाही माहीत नाही, पुनवही माहीत नाही, बर्फ कधी मऊ होतो हेही माहीत नाही. त्याला निदान फोनवरचं थोडं माहीत होतं. सात-पाच करत त्याने रस्त्याकडे बघितलं. कंटेनर सिग्नलला अडकून रांगेत उभे होते, एक ड्रायव्हर खाली उतरून चाकाला लाथा घालत होता. मेमध्ये बर्फ सुटतो. ऑक्टोबरमध्ये वारा. मे जवळ आला होता, दीड महिना, ऑक्टोबर लांब होता, लांबच्यात काय काय होऊ शकतं, तिचं लग्न ठरू शकतं, पाय मुरगळू शकतो, मन बदलू शकतं. हा काही डोंगराचा विचार नव्हता. हा घाबरलेल्या माणसाचा विचार होता, आणि दुसरा कुठलाच त्याच्याकडे आला नाही. प्रिया वाट बघत होती. आतली भांडी वाजायची थांबली होती.

"ऑक्टोबर," कान्हा म्हणाला.

तिने लगेच मोबाइल काढला, जणू त्याचं मन बदलायच्या आत. दोन-तीनदा टिकटिक केलं, शेवटी अंगठा जोरात दाबला. "झालं." मग ती उठली, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा, तशीच दारात जाऊन ओरडली, "आई! बाबानं सांगितलं!" आतून पुतळा पदराला हात पुसत बाहेर आली. "काय बोल्ले?" "ऑक्टोबर." पुतळाने कान्हाकडे बघितलं. तिच्या पिकत चाललेल्या भुवयांखाली डोळे लहान मुलीसारखे लकाकत होते. इतक्या वर्षांत आपल्याकडे असं कुणी बघितल्याचं त्याला आठवेना. "ऑक्टोबरच बरा," ती म्हणाली. "पितरपाख धा तारखेला सरतो. मंग काय भ्यायाचा नाय." आणि दोघी हसायला लागल्या, एकमेकींच्या अंगावर पडून, उगाचच, सुटल्यासारख्या.

मे म्हणायला हवं होतं. शब्द तोंडातून सुटला त्याच क्षणी कान्हाला ते कळलं, इतकं लख्ख की त्याने तोंड उघडलंही. पण दोघी त्याच्याकडेच बघत होत्या, आणि कळण्याला काही आधार नव्हता, आणि मे म्हटलं असतं तर ऑक्टोबर म्हणायला हवं होतं असंही इतकंच लख्ख कळलं असतं. त्याने तोंड मिटलं. दोघींना हवं होतं म्हणून तो हसला. मार्चची अठरा तारीख होती. ऑक्टोबरला अजून सहा महिने होते, आणि त्यातला प्रत्येक दिवस त्याला हसत काढायचा होता.